बीडचं 'वीड' होऊ नये म्हणून: पिक्सेल फॉन्ट आणि आपली मराठी

आजचा विषय आहे पिक्सेल फॉन्ट. जुन्या व्हिडिओ गेममधली ती ठोकळ्या-ठोकळ्यांची अक्षरं आठवतात ना? रेट्रो गेममुळे ती स्टाइल परत आलीये. पण मराठीत असा गेम करायला बसलं, की पहिल्याच स्क्रीनवर गाडी अडते. का अडते, ते बघू.

1980 च्या दशकातल्या मशीनमध्ये मेमरी फार कमी. म्हणून एक अक्षर 8 बाय 8 च्या चौकटीत बसवायचे. म्हणजे 64 ठिपके, फक्त 8 बाइट. इंग्रजीची 26 कॅपिटल अक्षरं 208 बाइटमध्ये झाली! आज गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा 'प्रेस स्टार्ट टूपी' त्याच घराण्यातला. पण त्यात देवनागरी नाही.

आता आपली लिपी घ्या. शिरोरेषेला 1 ओळ. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना साधारण 3. खाली उकारांना 2-3. मग 8 ओळींत मूळ अक्षराला उरतं काय? एक-दोन ओळी!

ओढूनताणून बसवलं तर काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यातल्या नावांवर बघा. 'ब' आणि 'व' मध्ये फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोटात निदान 3 बाय 3 ठिपके मोकळे नसतील तर रेघ दिसतच नाही, आणि बीडचं होतं 'वीड'. 'ध' आणि 'घ' मध्ये शिरोरेषेतली फट महत्त्वाची. ती बुजली की धारूरचं 'घारूर'. परळीच्या 'ळ' ला दोन गोल लागतात, म्हणजे रुंदीही जास्त.

दुसरी भानगड सॉफ्टवेअरची. 'शि' मध्ये आधी 'श' साठवला जातो, मग वेलांटी. पण दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. या अदलाबदलीला 'शेपिंग' म्हणतात. ते नसेल तर शिरूरची वेलांटी 'र' ला जाऊन चिकटते आणि आष्टीचा 'ष्ट' तुटतो. गोडॉट 4 मध्ये शेपिंग आहे. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीसाठी ते आपोआप होत नाही.

मग करायचं काय? 8 चा हट्ट सोडा, 16 ओळी घ्या. एका चौकटीला 32 बाइट. आजच्या फोनला ते काहीच नाही. नमुन्याला 'ग्नू युनिफॉन्ट' बघा: 16 ठिपके उंच आणि त्यात देवनागरीही आहे. आणि 16 चा फॉन्ट 32 किंवा 48 वरच मोठा करा, 20 वर नको. ठिपके वेडेवाकडे होतात.

हे नुसतं हौसेचं काम नाही. एलईडी बोर्डवरची अक्षरंही ठिपक्यांचीच असतात. ज्याला फक्त मराठी वाचता येतं, त्याला तिथे गावाचं नाव चुकीचं दिसलं तर गाडी चुकू शकते.

म्हणून फॉन्ट झाला की बीड, धारूर, परळी, शिरूर, आष्टी एवढी पाच नावं टाका आणि घरातल्या आजीला वाचायला द्या. आधी काही सांगू नका. ती जिथे अडखळेल, तिथला ठिपका बदला.