बंद पिकअप न्यूट्रलमध्ये कशी आणाल?

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर ऑटोमॅटिक पिकअप बंद पडली, की चार जण धक्का मारायला धावतात. गाडी मात्र ढिम्म हलत नाही. ‘पी’ म्हणजे पार्कमध्ये गिअरबॉक्समधला खटका दात्यात अडकून शाफ्ट जखडतो आणि इलेक्ट्रॉनिक गिअर असेल तर तो सोडवायला वीज लागते. आधी चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या 12 व्होल्ट बॅटरीने जंप-स्टार्ट द्या. मग इग्निशन चालू करून, ब्रेक दाबून ‘एन’ म्हणजे न्यूट्रल निवडा. काही गाड्यांत इग्निशन बंद करताच पुन्हा ‘पी’ पडतो, म्हणून ते चालूच ठेवा. वीज मिळालीच नाही, तर काही मॉडेलांत खटका हाताने सोडवण्याची सोय असते. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. तीही नसल्यास फ्लॅटबेड मागवा. फरफटत ओढाल तर गिअरबॉक्सचा खर्च अंगावर येईल.