दिवेलागण दुपारी पावणेचारला : अंधाऱ्या हिवाळ्यात घरातली हौस

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा घरगुती आहे. हिवाळ्यात घरात बसून मन प्रसन्न कसं ठेवायचं? पुण्या-साताऱ्याकडे हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. तिकडे हिवाळा म्हणजे हुरडा, ताजे मटार, अंगणातलं कोवळं ऊन. वर्षभर ज्याची वाट बघायची तो ऋतू. पण आम्ही राहतो स्कॉटलंडमध्ये, एडिनबराला, आणि इथल्या हिवाळ्याची जातच वेगळी.

आधी थोडा हिशेब करू. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, एडिनबरा छप्पन्नवर. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा असतो, इथे सुमारे ७ तासांचा. सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि मावळतो ३ वाजून ४० मिनिटांनी. बरं, भर दुपारी तरी तो डोक्यावर येतो का? तर नाही. त्या दिवशी पुण्यात सूर्य माध्यान्ही क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, इथे जेमतेम साडेदहा अंश. हात सरळ पुढे धरून मूठ वळली, तर ती मूठ साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे आमचा दुपारचा सूर्य क्षितिजाच्या एक मूठ वर. समोर तीन मजली इमारत असली की संपला विषय. त्यात ढग, त्यात पाऊस.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात साताऱ्याहून आई आमच्याकडे आल्या. सहा महिने राहायचं ठरवून. पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग हळूहळू त्या गप्प होत गेल्या. सकाळी उठेनात. उठल्या की रेडिएटरला पाठ लावून बसायच्या. टीव्ही नको, फोन नको. ज्या बाईंनी आयुष्यात कधी दुपारी डोळा मिटला नाही, त्या संध्याकाळी सहाला म्हणायच्या, ‘‘झोपू का आता?’’ डिसेंबरच्या सुरुवातीला एके दिवशी म्हणाल्या, ‘‘इथं उजाडतच नाही गं. माझं आपलं तिकीट काढून द्या.’’

आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. ‘‘आई, बाहेर फिरून येऊ,’’ ‘‘आई, आवडतं काहीतरी करा ना.’’ त्यांचं उत्तर ठरलेलं : ‘‘इच्छाच होत नाही.’’ आम्हाला वाटायचं, टाळताहेत. पण ते अगदी शब्दशः खरं होतं. अंधारा हिवाळा आनंद नंतर नेतो, आनंदाची हौस आधी नेतो. आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. हौस गेलेल्या माणसाला ‘तुला आवडेल ते कर’ असं सांगणं म्हणजे भूक मेलेल्याला पंचपक्वान्नं दाखवणं.

असं का होतं? आपल्या डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, बघण्यासाठीच्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. त्यांच्याशिवाय आणखीही काही पेशी तिथे आहेत. त्यांचं मुख्य काम चित्र बघणं हे नाही, उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे आहे. त्यांची ओळख विज्ञानाला नीट पटली ती अगदी अलीकडे, २००२च्या आसपास. सकाळी भरपूर उजेड मिळाला की घड्याळाला ‘दिवस सुरू’ असा निरोप जातो, आणि झोपेशी संबंधित मेलॅटोनिन हे संप्रेरक ओसरतं. निरोप धूसर गेला, की शरीर अर्धवट रात्रीतच राहतं.

आता तुम्ही म्हणाल, घरात दिवे आहेत की! पण आकडे बघा. संध्याकाळी दिवाणखान्यात साधारण १०० ते २०० लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ आकाश असलं, तरी दुपारी हजाराच्या वर जातो. भारतातल्या भर उन्हात एक लाखाच्या घरात. आपले डोळे इतके चटकन जुळवून घेतात, की हा फरक आपल्याला जाणवतच नाही. शरीराला मात्र जाणवतो.

१९८४मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिवाळी नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. गंमत म्हणजे रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. उन्हाच्या देशातून उत्तरेला आल्यावर त्यांना स्वतःलाच हिवाळा जड जाऊ लागला होता. जास्त झोप, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ, माणसं नकोशी होणं, ही याची ठळक लक्षणं. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर रेडिएटरला टेकून बसलेल्या आई आल्या.

मग आणखी उत्तरेची माणसं काय करतात? नॉर्वेत युकान नावाचं गाव आहे. ते इतक्या खोल दरीत आहे, की सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत तिथे सूर्यच पोचत नाही. तिथल्या कंपनीने १९२८मध्ये लोकांना डोंगरावर उन्हात जाता यावं म्हणून केबल कार बांधली. २०१३मध्ये गावाने डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, ते खालच्या चौकात ऊन पाडतात. चौकापुरतं ऊन! पण तेवढ्यासाठी माणसं खुर्च्या घेऊन येतात.

त्याहून उत्तरेला ट्रॉम्सो. तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. कारी लायबोविट्झ ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तिथे वर्षभर राहून आली. हिवाळा म्हणजे नुसतं संकट नाही, त्यात करण्यासारखंही काही आहे, असं मानणारी माणसं अधिक समाधानी आहेत असं तिला आढळलं. आता यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सांगणं सोपं नाही. पण तिथल्या लोकांचं वागणं बघण्यासारखं आहे. मेणबत्त्या, लोकरीचे मोजे, शेजाऱ्यांना कॉफीला बोलावणं हे तिथे चैन म्हणून होत नाही. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं शाकारतात, तशी ती ऋतूची तयारी असते.

दुसरी गोष्ट मानसोपचारातली. १९७०च्या दशकात पीटर लेविन्सन यांनी एक साधा विचार मांडला. उदास माणूस आनंद देणाऱ्या गोष्टी करणं सोडतो, त्यामुळे आणखी उदास होतो, म्हणून आणखी सोडतो. हे चक्र तोडायचं कुठे? मनापाशी नाही, हातापाशी. ठरलेली छोटी कृती ठरलेल्या वेळी करायची, इच्छा असो वा नसो. याला ‘बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन’ म्हणतात, आणि पुढच्या संशोधनात ही पद्धत चांगली टिकली. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी हात, मग मन.

आता घरात येऊ. आमच्याकडे सुरुवात झाली दिवेलागणीच्या भांडणावरून. आईंचा नेम असा, की तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा आणि शुभंकरोती म्हणायची. पण इथे तिन्हीसांज होते दुपारी पावणेचारला! आई गोंधळल्या. इतक्या लवकर कसा लावायचा? आणि साताऱ्याच्या सवयीने सातला लावावा, तर तोवर अंधार होऊन तीन तास झालेले. शेवटी आमची मुलगी म्हणाली, ‘‘आजी, सूर्य मावळेल तेव्हाच लाव. मी वेळ बघून सांगते.’’ शाळेतून आली की ती फोनवर सूर्यास्ताची वेळ बघायची, आई दिवा लावायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात ती वेळ लिहायच्या. एवढंच. दोन मिनिटांचं काम.

आठवड्याभराने आई म्हणाल्या, ‘‘अगं, आज एक मिनिट उशीर झाला!’’ तारीख होती १८ डिसेंबर. आम्ही म्हटलं, चुकलं असेल, सर्वांत लहान दिवस तर २१ला असतो. पण आईच बरोबर होत्या. या दिवसांत एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंतचा काळ २४ तासांपेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त असतो. त्यामुळे घड्याळाच्या हिशेबाने सगळा दिवसच थोडा थोडा पुढे सरकतो. परिणाम असा, की इथे सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या मध्यालाच होऊन जातो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय येतो वर्षाच्या अगदी शेवटी. म्हणजे सकाळ अजून अंधारात जात असते, तेव्हाच संध्याकाळ हळूच लांबू लागलेली असते. ते एक मिनिट आईंनी फोन करून साताऱ्यात सगळ्यांना सांगितलं. महिनाभरात त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिला फोन.

तिथून पुढे आम्ही दिवसाला चार खुंट्या ठोकल्या. हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. वेळापत्रक म्हटलं की ओझं वाटतं. खुंटीला काहीतरी अडकवता येतं.

पहिली खुंटी सकाळची. खुर्ची रेडिएटरपासून उचलली आणि पूर्वेच्या खिडकीशी नेली. चहा तिथेच. खिडकीतला उजेड पुरत नाही, म्हणून नंतर १०,००० लक्सचा दिवाही आणला. तो सकाळी अर्धा तास, डोळ्यांसमोर पण थोडा बाजूला. ज्यांना डोळ्यांचा आजार आहे किंवा मनाच्या आजारावर औषधं चालू आहेत, त्यांनी हा दिवा डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

दुसरी खुंटी खिडकीतल्या शेतीची. मेथीदाणे रात्रभर भिजवायचे आणि पसरट डब्यात ओल्या मातीवर पेरायचे. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, दोन आठवड्यांच्या आत कात्रीने कापण्याजोगी कोवळी पानं. उजेड कमी म्हणून रोपं लांबुडकी होतात, पण डाळीत घातली की कोण बघतंय! रोज उठल्यावर बघायला काहीतरी वाढत असतं, हे महत्त्वाचं.

तिसरी खुंटी स्वयंपाकघराची. इडलीचं पीठ थंडीत आंबत नाही ही तर परदेशातल्या प्रत्येक मराठी घरातली तक्रार. पिठाला तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. पातेलं ओव्हनमध्ये ठेवायचं, ओव्हन बंद आणि आतला दिवा चालू. जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर त्याची ऊब पुरते. आई रात्री दोनदा उठून काचेतून डोकवायच्या. सकाळी पीठ फुगून वर आलेलं दिसलं, की चेहरा बघण्यासारखा व्हायचा. इथे मुद्दा इडलीचा नाही. उद्या सकाळी बघायचं आहे असं काहीतरी आज रात्री लावून ठेवणं, हा मुद्दा आहे.

चौथी खुंटी दिवेलागणीची. ती तुम्हाला सांगितलीच.

या सगळ्यात संक्रांत आली. तोवर दिवा लावण्याची वेळ चारच्या पुढे गेली होती. आईंनी कॅलेंडर उतरवून शेजारच्या स्कॉटिश आजींना दाखवलं, तिळगूळ दिला. भाषेची अडचण होती, पण आकड्यांना कुठली भाषा? त्या आजींनी दुसऱ्या दिवशी काचेच्या भांड्यात लावलेला हायसिंथचा कंद आणून दिला. हे कंद इकडे लोक सप्टेंबरातच तयारीला लावतात. काही आठवडे थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात, मुळं धरू देतात आणि मग उजेडात आणतात. भर जानेवारीत घरभर वास! थोडक्यात, हिवाळ्यातल्या आनंदाची तयारी हिवाळ्यात करून भागत नाही. मन जागेवर असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरातच ती करून ठेवायची.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मेथी आणि मेणबत्त्या हे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ‘हवामान आहे, जाईल’ म्हणत बसू नका. डॉक्टरकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. आम्हीही आईंना नेलं होतं. आणि ‘ड’ जीवनसत्त्व विसरू नका. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, असा सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. सावळ्या त्वचेच्या आपल्यासारख्यांनी तर वर्षभर. खिडकीतल्या उन्हात बसून ते मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

एखादा प्रश्न घेऊ या.

प्रश्न : मी इथे शिकायला आलो आहे, एकटाच राहतो. तुमच्याकडे आई होत्या, मुलगी होती. एकट्यासाठी हे सगळं कोण करणार?

बरोबर विचारलंत. एकट्याला चार खुंट्या जमणार नाहीत, एकच ठोका. आणि तिचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात द्या. आई आता साताऱ्यात आहेत. तरी डिसेंबर लागला की रोज त्यांचा मेसेज येतो : ‘आज किती वाजता?’ आम्ही सूर्यास्ताची वेळ कळवतो, त्या तिकडे कॅलेंडरवर लिहितात. कधी कंटाळा येतो, पण तिकडे चौकोन रिकामा राहील म्हणून आम्ही इकडे उठतो आणि दिवा लावतो. तुमच्या घरी असं विचारणारं कुणीतरी असेलच. आज फोन करून सांगा त्यांना, की रोज विचारा म्हणून.

आजची वेळ ३ वाजून ३९ मिनिटं होती.