१२ एप्रिलचा दिनविशेष : पोलिओ हटला, पण रक्तदाब?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोजचा सुविचार आणि दिनविशेष लिहिण्याचे काम निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला दिले नाही. १२ एप्रिलला फळ्यावर एकच ओळ असायची : ‘१९६१ - युरी गागारीन, पहिला अंतराळवीर.’ पुढे डॉक्टरकीचा अभ्यास करताना मला समजले की, या तारखेला आणखीही बरेच काही घडले आहे, आणि त्यातले पुष्कळसे आमच्या व्यवसायाशी निगडित आहे. या आठवड्यात १२ एप्रिल येते, तेव्हा आजचे सदर त्या तारखेसाठी.

आधी अण्णांच्या गागारीनविषयी. १०८ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारून तो परत आला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण तेव्हा डॉक्टर मंडळींना धास्ती होती ती वेगळीच. वजन नाहीसे झाल्यावर माणसाचे डोके ठिकाणावर राहील का? म्हणून यानाची सूत्रे कुलूपबंद ठेवून सर्व कारभार जमिनीवरून चालवला गेला. अगदीच वेळ आली तर बंद पाकीट फोडायचे आणि आतला १२५ हा आकडा दाबायचा. गंमत म्हणजे उड्डाणापूर्वीच जाणत्यांनी तो आकडा गागारीनला हळूच सांगून टाकला होता!

त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १२ एप्रिल १८६१ रोजी, फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू झाले. त्या युद्धात गोळीपेक्षा हगवण, विषमज्वर अशा रोगांनीच जास्त सैनिक मेले. रणांगणावर जाऊन जखमींची शुश्रूषा करणाऱ्या क्लारा बार्टन यांनी पुढे १८८१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना केली. त्यांचे निधनही १२ एप्रिललाच झाले, १९१२ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी.

आता मुख्य विषयाकडे वळतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९२१ च्या ऑगस्टमध्ये, ३९ वर्षांचे असताना, सुट्टीवर गेलेल्या या धडधाकट माणसाला ताप आला आणि दोन-चार दिवसांत दोन्ही पाय गेले. डॉक्टरांनी निदान केले पोलिओचे. पायांना लोखंडी पट्ट्या बांधून, कुणाच्या तरी दंडाचा आधार घेऊन ते उभे राहत. अशा अवस्थेत ते चार वेळा अध्यक्षपदी निवडून आले. १९३८ मध्ये त्यांनी पोलिओ निर्मूलनासाठी एक राष्ट्रीय संस्था काढली. तिच्यासाठी सामान्य माणसांनी दहा-दहा सेंटची नाणी टपालाने थेट अध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवली. आपल्याकडे गणपतीची वर्गणी जमते तशी घरोघरची चिल्लर जमली, आणि त्याच पैशातून लशीचे संशोधन उभे राहिले.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट वारले. त्याला दहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १२ एप्रिल १९५५ ला, मिशिगन विद्यापीठात डॉ. थॉमस फ्रान्सिस यांनी जाहीर केले की, डॉ. जोनास साल्क यांची पोलिओची लस सुरक्षित आणि गुणकारी आहे. सुमारे १८ लाख मुलांनी त्या चाचणीत भाग घेतला होता. गावोगावी चर्चच्या घंटा वाजल्या. लशीचे पेटंट कुणाकडे, असे त्या दिवशी विचारले असता साल्क यांनी ते लोकांचे आहे असे सांगून सूर्याचे कधी पेटंट घेता येते का, असा उलट प्रश्न केला.

आनंदाला लगेच गालबोटही लागले. दोन आठवड्यांतच कटर या कंपनीच्या काही लशीत जिवंत विषाणू राहून गेल्याचे आढळले. सुमारे २०० जणांना लुळेपणा आला आणि दहा दगावले. लस थांबवली गेली, तपासणीचे नियम कडक झाले, मग पुन्हा सुरू झाली. ही गोष्ट लपवू नये असे माझे मत आहे. लपवालपवीने लोकांचा लशीवरचा विश्वास वाढत नाही.

आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. अंगणवाडीताई, शिक्षक, बूथवरची गर्दी, करंगळीवरची शाई, हे सर्व वाचकांनी पाहिलेच आहे. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी पाकिस्तान व अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून डोस चुकवू नका. तोंडातल्या थेंबांखेरीज सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात दंडावर टोचली जाते ती साल्क यांच्याच जातीची लस.

मग रूझवेल्ट मेले कशाने? पोलिओने नव्हे. १९४१ मध्ये त्यांचा रक्तदाब १८८/१०५ होता. मार्च १९४४ मध्ये डॉ. ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने तपासले तेव्हा १८६/१०८ आणि हृदयही थकलेले. त्यांचे खासगी डॉक्टर नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते आणि वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे असेच ते वर्तमानपत्रांना सांगत राहिले. १२ एप्रिलच्या दुपारी चित्रकार समोर बसून चित्र काढत असताना रूझवेल्टना डोक्याच्या मागच्या बाजूस भयंकर कळ आली आणि ते बेशुद्ध झाले. त्या वेळचा रक्तदाब ३००/१९० भरला. मेंदूत रक्तस्राव. अडीच तासांत सारे संपले. वय अवघे ६३. निरभ्र आभाळातून वीज पडावी तसे झाले, असे खासगी डॉक्टर नंतर म्हणाले. आभाळ तर चार वर्षे भरून आलेले होते!

पण त्यांच्या डॉक्टरांना फार दोषही देता येत नाही. तेव्हा मीठ कमी, विड्या कमी, विश्रांती, याखेरीज हाती फारसे काही नव्हते. रोज घेता येईल अशी चांगली गोळी १९५८ च्या सुमारास आली. आज ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

आणि तरीही माझ्या अण्णांचे तेच झाले. त्यांचा वरचा आकडा १९० होता. मी तालुक्याला दवाखाना चालवत होतो, ते गावी. दिवाळीला आणि मे महिन्यात गेलो की मी बीपी मोजायचो, गोळ्या पाठवायचो. “मला काही होत नाही, मग गोळी कशाला? एकदा लागली की सुटायची नाही,” हे त्यांचे म्हणणे. मी हसून सोडून द्यायचो. इतर पेशंटांशी मी तासभर वाद घातला असता. वडिलांशी घातला नाही. एका पहाटे त्यांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. अंगावरून वारे गेले म्हणून शेजाऱ्यांनी दुपारपर्यंत तेल चोळले, मग मला निरोप आला. पुढची साडेतीन वर्षे ते अंथरुणावर होते. त्यांच्या मागे पत्र्याची पेटी उघडली तेव्हा गोळ्यांची पाच पाकिटे निघाली, न फोडलेली. सगळी मी पाठवलेली.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, हात छातीच्या पातळीवर टेकवावा आणि मोजताना बोलू नये. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर डॉक्टरांना भेटावे. डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब नाही, असे समजू नये. बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. दिवसाकाठी सर्व मिळून मीठ एक लहान चमचा, त्यात पापड, लोणचे, फरसाण, ठेचा सगळे आले. आणि कुणाचे तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर तेल-मालिशीत वेळ न दवडता, तोंडाने काहीही न देता, गाडी करून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी असल्यास ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही मेंदूचा स्कॅन झाल्यावर.

उष्माघाताविषयी तीन-चार वाचकांची पत्रे आली आहेत. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.