उपमेय गिळणारी गाणी

अलंकारांवर लिहायला बसले की दोन गट हमखास आडवे येतात. मम्मट आणि अप्पय्य दीक्षितांच्या याद्या पाठ झाल्या की कविता कळली, असे एका गटाला वाटते. दुसऱ्या गटाला हे सगळे संस्कृतातून आलेले जड सामान वाटते, आणि नव्या कवितेला त्याचा काडीचा उपयोग नाही, असे तो गेली कित्येक दशके ठासून सांगतो आहे. माझे दोघांशीही जमत नाही. बोलणारा आपल्या बोलण्यावर किती विश्वास ठेवून आहे, हे सांगण्याची सोय म्हणून अलंकारांची नावे जन्माला आली. ते ओळखण्याचे काम आजही चारचौघांत, हारजितीच्या ईर्ष्येने कुठे चालत असेल, तर ते कुंभार्ली घाटाखाली, पोफळीपासून गुहागरापर्यंतच्या वाड्यावाड्यांत, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबांच्या सामन्यात. लोककलेवरच्या प्रेमापोटी मी हे म्हणत नाही. शास्त्राच्याच कसोटीवर ते उतरते.

आधी उपमेचे घराणे पाहू. एक उंच, सडसडीत मुलगी आणि एक पोफळीचे झाड, एवढे भांडवल पुरे. ‘पोफळीसारखी सडसडीत’ म्हणणारा दोघींना शेजारी उभे करतो आणि मधले अंतर राखतो, ही उपमा. ‘जणू पोफळच चालत आली’ असे म्हणताना झाडे चालत नाहीत हे त्याला ठाऊक असते, तरी घटकाभर तसे मानावेसे वाटते, ही उत्प्रेक्षा. ‘मुलगी म्हणावी की पोफळ?’ इथे तो अडला, हा ससंदेह. तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात कुणी तिला खरोखरच झाड समजून तिच्या पायाशी मिरीचा वेल लावायला गेला, तर भ्रांतिमान. ‘ती पोफळ आहे’ हे रूपक, ‘ही मुलगी नव्हेच, पोफळ’ ही अपन्हुती, ‘पोफळीला तरी एवढा डौल कुठला’ हा व्यतिरेक. आणि मुलीचा उल्लेखही न करता ‘अंगणात एक पोफळ हसली’ असे म्हटले, तर उपमानाने, म्हणजे पोफळीने, उपमेय, म्हणजे मुलगी, गिळून टाकली. शास्त्रकार याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. ‘चित्रमीमांसे’त अप्पय्य दीक्षितांनी उपमेला नाना भूमिका घेऊन रंगमंचावर येणारी नटी म्हटले, ते याच अर्थाने. त्यांच्यापुढे मुख आणि चंद्र होते, आपल्यापुढे पोफळ आहे, खेळ तोच. पहिल्याच भेटीत गडबडलेल्या नायकाच्या तोंडी कवीने ठाम रूपक घातले तर तो नायक खोटा वाटतो. त्या घडीला त्याला ससंदेहच शोभतो. ‘अलंकार ओळखा’ हा परीक्षेतला प्रश्न नावापाशी थांबतो. हाच अलंकार इथे का, शेजारचा का नाही, हे विचारल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.

लक्षणेचेही तसेच. गंगेवरच्या गवळीवाड्याचे उदाहरण हजार वर्षे घासून गुळगुळीत झाले आहे. त्याऐवजी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली उतरणाऱ्या कोयनेच्या पाण्यावर चालणारे पोफळीचे भूमिगत वीजगृह घ्या. ‘पोफळी बंद पडली’ या वाक्यात गाव बंद पडत नाही, म्हणजे मुख्यार्थाला बाध आला. गाव आणि वीजगृह यांचा स्थानाचा संबंध आहे. आणि तसे बोलण्याची वहिवाट पडली की रूढी आली. पण ‘पोफळीने महाराष्ट्राला उजेड दिला’ असे कुणी अभिमानाने म्हणाला, तर नुसत्या रूढीने भागत नाही. यंत्रांचे श्रेय गावाच्या पदरात घालण्याचा हेतू तिथे आहे, आणि तो हेतू शब्दांत कुठेच नाही. तो व्यंजनेने कळतो. अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन पायऱ्या दोन साध्या वाक्यांत चढून होतात.

मधल्या इतिहासात मी फार रेंगाळणार नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक, यमक हे चारच अलंकार होते. दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ते शंभरावर गेले, आणि त्यातले बरेच केवळ वर्गीकरणाच्या हौसेने. मराठीत परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी १८५४ साली ‘नवनीत’ दिले, पुढे ‘वृत्तदर्पण’ दिले. रा. श्री. जोगांचा ‘अभिनव काव्यप्रकाश’ आणि द. के. केळकरांचे ‘काव्यालोचन’ यांवर पिढ्या शिकल्या. माधव ज्यूलियनांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाति आणि छंद अशी विभागणी करून ओवी-अभंगांनाही शास्त्रात मानाची जागा दिली, हा मोठा उपकार. गणांच्या कोष्टकांबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखे नाही. वृत्त तोंडाने म्हणावे, कानाने तपासावे.

माझा जीव जिथे गुंतला आहे ती धारा वेगळी. तिचा उगम महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त सापडतो. चक्रधरांचे ११४ दृष्टांत केसोबासांनी त्यात लावून ठेवले, आणि प्रत्येकाचे तीन भाग केले: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक. म्हणजे आधी सिद्धांत, मग गोष्ट, मग गोष्टीतले काय कशाला लागू पडते याचा हिशेब. तेराव्या शतकात मराठी गद्य उभे राहत असतानाच उपमेय-उपमानाची ही जमाखर्चाची वही उघडलेली आहे. एकनाथांच्या भारुडात हिशेबाचा काही भाग श्रोत्यावर सोपवला जातो. विंचू कामक्रोधाचा आहे हे नाथ सांगतात, पण त्याचा ठणका म्हणजे काय हे श्रोत्याने जुळवायचे. शाहिरांच्या भेदिक रचनेत तर उपमेय पूर्ण गिळलेले असते आणि ते बाहेर काढण्याची जबाबदारी प्रतिपक्षावर टाकलेली असते. कोकणातला शक्ती-तुरा हा भेदिक शाहिरीतल्या कलगी-तुऱ्याचा भाऊबंद. तुरेवाले शिवाची, पुरुषाची बाजू घेतात. शक्तीवाले आदिमायेची, प्रकृतीची. त्यातल्या जाखडी नाचात नाचणाऱ्यांचे रिंगण फिरत असते, मधे गाणारे आणि ढोलकी-झांज. गण होतो, गवळण होते, आणि मग सवाल येतो. समजा, सवाल असा: एक नगर, त्याला नऊ दारे, दोन खांबांवर ते उभे, धनी आत आहे पण कुणी पाहिलेला नाही. जवाब देणाऱ्याने ‘देह’ एवढेच म्हणून भागत नाही. डोळे, कान, नाकपुड्या, मुख आणि खालची दोन द्वारे मोजून दाखवावी लागतात, खांब म्हणजे पाय, धनी म्हणजे जीव, असे अंगाला अंग जुळवावे लागते. सांगरूपकाचे लक्षण याहून वेगळे काय आहे? आणि सवाल घालणाऱ्याने चुकून खांब चार सांगितले, तर समोरचा त्याला तिथल्या तिथे धरतो, आणि भर सभेत एका रूपकाचे परीक्षण होते. गाणाऱ्याला ‘रूपकातिशयोक्ती’ हे नाव ठाऊक नसेल; पण उपमेय कुठे दडले आणि कसे काढायचे, हा भेद तो नावे पाठ करणाऱ्यापेक्षा नेमका जाणतो.

यावर आक्षेप आहेत. सवाल-जवाब म्हणजे पुराणातल्या नावांची पाठांतर-परीक्षा, असे म्हटले जाते. पुष्कळदा ते खरे असते. अमक्याच्या सासऱ्याचे नाव काय असल्या सवालांची बाजू मी घेत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: गूढ सवालाला, म्हणजे कुटाला, एकच उत्तर असते, नव्या कवितेतल्या प्रतिमेला तसे नसते, मग कुटावर तयार झालेली नजर मर्ढेकरांपुढे काय करणार? पण उपमेय गिळले जाते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच इथे ते एका शब्दात परत काढता येत नाही हे जाणवेल, आणि त्या न निघण्यात कवितेचे बळ आहे हेही. मर्ढेकरांनी स्वतः भावनानिष्ठ समतानता मांडली तेव्हा दोन वस्तूंना जोडणारे साम्य रूपात शोधू नका, भावनेत शोधा, असेच सांगितले. साधारण धर्म कोणता, या जुन्या प्रश्नाला दिलेले ते नवे उत्तर आहे. प्रश्नच ठाऊक नसेल तर उत्तराची धिटाई कशी कळावी?

आज ही नजर शाळेत आणि सामन्यांत, दोन्ही ठिकाणी ओसरली आहे. शाळेत उपमा आणि उत्प्रेक्षा ‘सारखा’ आणि ‘जणू’ या खुणांवरून ओळखायला शिकवतात; खुणेचा शब्द काढला की विद्यार्थी गप्प. सामन्यांत सिनेमाच्या चाली आल्या, त्याचे मला तेवढे दुःख नाही. शाहिरांनी चाली नेहमीच उचलल्या. पण कुटाच्या जागी एकमेकांची उणीदुणी काढणे आले, आणि ज्याला उत्तर शोधावे लागत नाही असा सवाल टाळ्या घेऊ लागला. जुन्या शाहिरांच्या हस्तलिखित वह्या घरोघरच्या पेट्यांत आहेत, आणि २००५ व २०२१ च्या पुरांनंतर चिपळुणाच्या परिसरात कागदाचा भरवसा काय, हे कुणाला वेगळे सांगायला नको. जे कुणी त्या उतरवून घेतील त्यांच्याकडे माझे मागणे एवढेच: नुसता सवाल उतरवू नका. कोणत्या चालीत गायला, जवाब काय आला, उपमेयाचे कोणते अंग जुळले, कोणते जुळले नाही आणि प्रतिपक्षाने ते कुठे पकडले, हेही प्रत्येक कुटाखाली लिहा. केसोबासांनी प्रत्येक दृष्टांताखाली दार्ष्टान्तिक लिहिले, तसे.