पोथीतलं गाणं घराघरांत

मुलीची गाण्याची शिकवणी सुरू झाली, की थोड्याच दिवसांत पुस्तक आणावं लागतं. शनिवार पेठेतल्या भगिनींना त्यासाठी लांब जायला नको. अप्पा बळवंत चौक चार पावलांवर! पुस्तकात रागाचं नाव, थाट, वादी-संवादी आणि खाली सुरांच्या अक्षरांत लिहिलेली चीज, असं सगळं ओळीनं मांडलेलं असतं. हे पूर्वापार असंच चालत आलं असेल, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही बरं का!

सव्वाशे वर्षांपूर्वी चीज म्हणजे घराण्याची ठेव. ती मुलाला मिळायची, नाहीतर वर्षानुवर्षं सेवा केलेल्या शिष्याला. आणि शास्त्र? ते संस्कृत पोथ्यांत, राजेरजवाड्यांच्या ग्रंथालयांत. गाणाऱ्याला बहुधा पोथी वाचता येत नसे आणि पोथी वाचणाऱ्याला गाणं येत नसे. या दोघांची गाठ घालण्यात ज्यांनी आयुष्य वेचलं, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म १८६० सालचा, मुंबईत वाळकेश्वरचा. शिक्षण बी. ए., एल्एल. बी.; पेशा वकिलीचा. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी. घरात मन रमेल असं काही उरलं नाही. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. तिथे एट्टयपुरम् गावी त्यांना सुब्बराम दीक्षित भेटले. थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातले हे वृद्ध विद्वान. घराण्यात जपलेल्या रचना त्यांनी त्याच वर्षी स्वरलिपीसह छापल्या होत्या. व्यंकटमखींच्या 'चतुर्दंडीप्रकाशिका' या सतराव्या शतकातल्या ग्रंथाची नक्कल भातखंड्यांना त्यांच्याकडूनच मिळाली. त्यात ७२ मेळांची मांडणी आहे. पुढे भातखंड्यांनी आपले हिंदुस्थानी राग १० थाटांत बसवले, त्यामागे हा अभ्यास होता.

पोथीचा अभ्यास म्हणजे नुसतं वाचन नव्हे. समजा, आजेसासूबाईंच्या लाडवांचं प्रमाण पाच सुनांनी उतरवून घेतलं. एकीच्या वहीत तूप वाटीभर, दुसरीच्या दीड वाटी, तिसरीनं वेलदोडाच गाळला! मूळ कोणतं? पाचही वह्या शेजारी ठेवायच्या आणि शेवटी लाडू वळून बघायचा. पोथ्यांचंही तसंच. नकलाकाराच्या चुका शोधायच्या, पाठभेद लावायचे, मग तो राग आजचे गवई कसा गातात ते ऐकायचं. नाव तेच, पण सूर बदललेले, असं कितीतरी रागांचं निघतं.

आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात लिहिलेला 'संगीतरत्नाकर' आनंदाश्रम संस्थेनं १८९६-९७ साली दोन भागांत छापला. संपादक होते मंगेश रामकृष्ण तेलंग. पोथी छापली गेली आणि कुणालाही विकत घेता येऊ लागली.

भातखंड्यांनी चिजांचंही तेच केलं. उस्तादांपुढे बसून, कधी आर्जवं करून त्या मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारे १८०० रचना आहेत. कागदावर गाण्याचा सांगाडा राहतो, जीव राहत नाही, असा आक्षेप तेव्हाही होता. आणि तो अगदीच खोटा नाही. गुरूवाचून गाणं येत नाहीच. पण पूर्वी आपल्यासारख्या घरातल्या मुलीला कोण गुरू करू देणार होतं? पुस्तक, वर्ग, परीक्षा आल्या, तेव्हा आईवडिलांचाही धीर झाला. भातखंडे १९३६ साली गेले, पण दार उघडून गेले.

आता तुमच्या माळ्यावरची ट्रंक उघडा. आजीच्या ओव्यांची, मंगळागौरीच्या गाण्यांची, आजोबांच्या कीर्तनातल्या पदांची वही असेल, तर रद्दीत घालू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. कुणाची, कोणत्या गावची, साधारण कोणत्या सालची, हे वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. आणि चाल माहीत असलेलं माणूस घरात आहे तोवर त्यांच्याकडून गाऊन घेऊन फोनवर ध्वनिमुद्रित करा. शब्द वहीत राहतील. चाल मात्र त्यांच्याबरोबर जाईल.