कार्ड घेण्याआधी मॉनिटर बघा

दिवाळी जवळ आली की साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत कितीतरी घरांत एकच विषय निघतो. "बाबा, गेम अडकतोय, ग्राफिक्स कार्ड बदलूया." किंमत ऐकून बाबा गप्प होतात. अशा वेळी दोघांनी आधी टेबलावरचा मॉनिटर बघावा.

फुल एचडी पडद्यावर एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात. १४४०पीवर ३७ लाख, फोर-केवर ८३ लाख. एवढे ठिपके सेकंदाला साठदा किंवा त्याहून अधिक वेळा रंगवायचे, हे कार्डाचं काम. साठ हर्ट्झच्या फुल एचडी मॉनिटरला फोर-केचं कार्ड जोडलं, तर वाढीव पैशांतलं फारसं काही पडद्यावर दिसणार नाही.

मुळात दोष कार्डाचाच आहे का, हे घरबसल्या फुकट कळतं. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन कमी करा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, चांगले वाढले, तर कार्ड कमी पडतंय. जागचे हलले नाहीत, तर बहुधा प्रोसेसर थकलाय. मग नवं कार्ड आणूनही गेम अडकतच राहील.

कार्डाच्या नावावर जाऊ नका, मेमरी बघा. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबीत मिळतात. नाव तेच, खोका जवळपास तसाच. चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर ८ जीबीवर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे. पण त्याला 'रिसायझेबल बार'ची सोय असलेला मदरबोर्ड लागतो, जुन्या मशीनला ते घेऊ नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते एसएमपीएसकडे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाकडे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात, बाकीची वीज वेगळ्या केबलनं एसएमपीएसकडून येते. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. असेंबल करताना बसवलेला स्वस्तातला असेल, तर आधी तो बदला. घरचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. उष्णतेचाही विचार करा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बंद, धुळीनं भरलेल्या कॅबिनेटमध्ये चांगलं कार्डही तापून मंदावतं.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबलं, तोवर त्यासाठी अनेक कार्डं दिवसरात्र राबली होती. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीतल्या घरांत-दुकानांत शिरलं होतं. म्हणून कनेक्टरवर गंज आहे का बघा आणि समोर अर्धा तास गेम चालवून घ्या.

नवं घेत असाल, तर वॉरंटीत कार्ड कुठे पाठवावं लागेल, हे दुकानदाराला आधी विचारा. आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.