विश्लेषण : सॉफ्टवेअर पॅकेजमधील ‘इन्स्टॉल स्क्रिप्ट’वर बंदी हवी का?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘शाय-हुलुद’ या स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ या भांडारातील ५०० हून अधिक पॅकेजेस बाधित केली. पॅकेज प्रत्यक्ष वापरण्याचीही गरज नव्हती. ते संगणकावर बसवताच घात होत होता. त्याला वाट मिळाली ती ‘इन्स्टॉल स्क्रिप्ट’मुळे. मग ही सोयच बंद करावी का?

इन्स्टॉल स्क्रिप्ट म्हणजे काय?

आजची बहुतेक अॅप आणि संकेतस्थळे इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजेस जोडून बनतात. एक पॅकेज मागवले की त्याला लागणारी इतर पॅकेजेसही आपोआप येतात. कधी ती शेकड्यांत असतात. त्यांपैकी कोणतेही पॅकेज स्वतःला बसवताना चालवायचा आदेश सोबत आणू शकते. हीच इन्स्टॉल स्क्रिप्ट. प्रोग्रामरला असलेले सारे अधिकार तिलाही मिळतात.

धोका किती?

प्रोग्रामरच्या संगणकावर कंपनीच्या सर्व्हरच्या किल्ल्या असतात. २०१८ मध्ये ‘ईएसलिंट-स्कोप’च्या बनावट आवृत्तीने अशा स्क्रिप्टमधून एनपीएमची टोकन चोरली. २०२१ मध्ये ‘यूए-पार्सर-जेएस’द्वारे लोकांच्या संगणकांवर कूटचलनाचे ‘मायनिंग’ सुरू झाले. शाय-हुलुदने तर चोरलेली टोकन वापरून त्याच प्रोग्रामरची इतर पॅकेजेसही बाधित केली.

मग सरसकट बंदी का नाही?

कारण काही पॅकेजेसना स्क्रिप्टची खरी गरज असते. काहींचा भाग सी++ मध्ये असतो, तो त्या-त्या संगणकावर ‘कंपाइल’ करावा लागतो. ‘पपेटिअर’ हे पॅकेज बसवताना क्रोम ब्राउझर उतरवून घेते. बंदी घातली तर अशी पॅकेजेस अर्धवट बसतील.

मधला मार्ग कोणता?

आधी नकार, मग यादीनुसार परवानगी. ‘पीएनपीएम’ने जानेवारी २०२५ मधील दहाव्या आवृत्तीपासून मागवलेल्या पॅकेजेसच्या स्क्रिप्ट आपसूक चालवणे थांबवले. ज्या पॅकेजवर विश्वास आहे, त्याचे नाव प्रोग्रामरने यादीत घालायचे. ‘बन’चीही पद्धत अशीच आहे. पायथॉनमधील ‘व्हील’ प्रकारची पॅकेजेस तयार स्वरूपातच येतात. ती बसवताना त्यांचा कोणताही कोड चालत नाही.

एवढे पुरेसे आहे का?

नाही. सप्टेंबर २०२५ मध्येच ‘चॉक’, ‘डीबग’ या लोकप्रिय पॅकेजेसमध्ये घातक कोड घुसवला गेला. त्यात इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्हतीच; तो कोड ब्राउझरमध्ये चालून कूटचलनाचे व्यवहार चोराच्या खात्याकडे वळवणारा होता. शिवाय यादीतल्या विश्वासू पॅकेजचे खातेही उद्या चोरांच्या हाती लागू शकते. म्हणजे स्क्रिप्ट रोखल्याने एकच दार बंद होते. पण ते घरमालकाला न विचारता उघडणारे दार आहे. ज्या मोजक्या पॅकेजेसना स्क्रिप्ट लागते, त्यांनी परवानगी मागावी. त्यांच्यासाठी बाकी सर्वांना मोकळीक देणे परवडणारे नाही.